वाटीतले देव

दारात वाटी घेऊन उभा असलेला माणूस विरजण मागायला आलेला असतो, अशी माझी आयुष्यभराची समजूत होती. ती तन्मयने मोडली.

सुट्टीचा दिवस होता. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोरच्या फ्लॅटमधला भाडेकरू मुलगा. हाफ पँट, वाढलेली दाढी, कानात त्या पांढऱ्या गोळ्या आणि हातात स्टीलची वाटी. मी म्हटलं, "थांब हं, देते," आणि फ्रिजकडे वळले.

"नाही काकू, मला काही नकोय," तो मागून म्हणाला. "एक बेसिक प्रश्न होता. हे कोण असतील?"

वाटीत कापसाच्या गादीवर एक पितळी देव निजला होता. अंगठ्याएवढा. नाक नाही, डोळे नाहीत, झिजून झिजून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

"कुठे मिळाला?"

"मिळाले," त्याने मला दुरुस्त केलं. "पिंपळाखाली."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या दंडाला पट्टा बांधून 'मूठ आवळा' म्हणणं हा माझा पेशा. सकाळी सकाळी माणसं मला वाटीतून, बाटलीतून, डबीतून काहीबाही आणून दाखवतात आणि 'हे काय असेल?' म्हणून विचारतात, याची मला सवय आहे. देव मात्र आजवर कोणी आणला नव्हता. मी चष्मा लावून पाहिलं आणि लॅबमध्ये सांगते तेच सांगितलं, "असं नुसतं बघून सांगता येणार नाही."

"चालेल," तो म्हणाला. "मी परत येईन." आणि आला. नंतर येतच राहिला. पुढे त्याच्यावर घर सोडायची वेळ आली, तीही या वाटीमुळेच.

आमची सोसायटी वारज्यात, टेकडीच्या पायथ्याशी. गल्ली जिथे संपते तिथे एक पिंपळ आहे. कचऱ्यात टाकायला हात होत नाही आणि घरात ठेवायला जागा नाही, अशा सगळ्या देवांचा तो बसस्टॉप. काच फुटलेल्या तसबिरी, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरचे गणपती, रंग उडालेल्या लक्ष्म्या, कोणाच्या तरी आजीच्या देवघरातले पितळी देव. लोक संध्याकाळी फिरायला जाताना पिशवीतून नेतात, इकडे तिकडे बघतात, ठेवतात, नमस्कार करतात आणि जरा भराभर चालत परत येतात. तन्मय सकाळी त्याच टेकडीवर पळायला जायचा. जाताना एकटा जायचा, येताना बरोबर कोणीतरी असायचं.

तन्मय मूळचा बार्शीचा. वय पंचवीस-सव्वीस. कंपनी सॉफ्टवेअरची, काम घरून. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे आणि त्यांचा देवावर अजिबात विश्वास नव्हता. "आमच्या घरी देवच नव्हता, काकू," तो सांगायचा. "मिक्सर होता, ओव्हन होता, दुर्बीण होती. देव नव्हता. मित्रांकडे गेलो की मी आधी त्यांचं देवघर बघायचो. इतर मुलं व्हिडिओ गेम बघायची."

"मग आता वडिलांना माहीत आहे हे?"

"वेड्या आहात का काकू? मी व्हिडिओ कॉलला त्या कोऱ्या भिंतीसमोर बसतो. ड्रग्ज घेतो म्हटलं तर ते शांतपणे समजून घेतील. देव ठेवलेत म्हटलं तर हार्ट ॲटॅक येईल त्यांना."

त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी हमखास असायच्या. प्रश्नाच्या आधी 'एक बेसिक प्रश्न' आणि प्रश्नानंतर 'रिस्पेक्टफुली विचारतोय हं'. या दोन्हींच्या मध्ये जे असायचं ते बेसिकही नसायचं आणि पुष्कळदा रिस्पेक्टफुलही वाटायचं नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाला त्याने गुरुजींना गाठलं. पाटावरच्या सुपारीकडे बोट दाखवून म्हणाला, "गुरुजी, एक बेसिक प्रश्न. मघाशी तुम्ही ह्यांना गणपती म्हणून बोलावलंत. आता अक्षता टाकून जा म्हणालात. मग आता ते गेले का?"

"कोण?"

"सुपारीतले. रिस्पेक्टफुली विचारतोय."

गुरुजींना पुढची पूजा कोथरूडला होती. पळी-पंचपात्र पिशवीत टाकत ते म्हणाले, "गेले. आणि मीही निघालो."

तन्मयने ती सुपारी मागून घेतली. म्हणाला, परत आले तर घर सापडायला हवं.

पिंपळाखालची मंडळी त्याने हॉलमध्ये मांडली होती. कशावर, तर चपलांच्या रॅकवर. हे बिल्डिंगला कळलं तेव्हा बराच गहजब झाला. सोसायटीची सचिव म्हणून मी चौकशीला गेले. "काकू, हे रॅक मी नवीन आणलंय. ह्यात एकदाही चप्पल ठेवलेली नाही," तो कळवळून म्हणाला. "दुकानात ह्याला शू रॅक म्हणतात, त्याला मी काय करू? ह्यांच्या उंचीला बरोबर बसतं." त्याच्या स्वतःच्या चपला जिन्यात, कुत्र्यांच्या भरवशावर पडलेल्या असायच्या.

आंघोळीचाही असाच गोंधळ. तो देव भांड्यांच्या साबणाने धुवायचा, ब्रश घेऊन. मी म्हटलं, अरे पितळ आहे, चिंच लाव. चिंच कोळून दिली. त्याने बाळकृष्ण उचलला, चिंचेचं बोट त्याच्या तोंडापाशी नेलं आणि थांबला.

"डोळ्यांत जाईल का, काकू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. "मिटलेत असं समज आणि लाव," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

नैवेद्याला तो स्वतः जे खाईल ते दाखवायचा. म्हणजे सकाळी ओट्स आणि दुपारी दोन मिनिटांच्या शेवया. एकदा पिझ्झा होता, पण कांदा-लसूण काढून. परांजपे आजींनी हे ऐकलं तेव्हा त्या हातातली जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "देव पिंपळाखाली सुखात होते म्हणायचे."

परांजपे आजी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. देव ओळखण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. वाटी त्यांच्याकडे गेली की निकाल लागायचाच. मला पहिल्या दिवशी दाखवलेला तो गुळगुळीत देव त्यांनी प्रकाशात धरून क्षणात ओळखला. "अन्नपूर्णा आहे. ही बघ, मांडीवर पळी होती, तिचं खोडकं राहिलंय. दिसत नाही का? डोळे कॉम्प्युटरला विकलेस?"

अन्नपूर्णा आपल्याकडे मुलीला लग्नात माहेरून देतात. म्हणजे कोणीतरी बाई ही मूर्ती पदराखाली घेऊन सासरी आली असणार, चाळीस-पन्नास वर्षं रोज घासली असणार, आणि ती गेल्यावर मॉड्युलर किचनमध्ये बाकी सगळ्याला जागा झाली असणार. मी हे मोठ्याने बोलले नाही. बोलले असते तर तन्मयने चार रात्री जागून काढल्या असत्या.

फुटक्या तसबिरी तो कसबा पेठेत शेखचाचांकडे न्यायचा. त्यांचं फ्रेमचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. पहिल्यांदा गेला तेव्हा ते म्हणाले होते, "बाळा, लोक माझ्याकडे नवे देव फ्रेम करायला आणतात. जुने घेऊन येणारा तूच." त्यांनी काच बदलून दिली, चहा पाजला आणि तासभर बसवून घेतलं. तन्मय परत आला तो केवढ्या उत्साहात! मला तेव्हा वाटलं, तसबीर छान झाली म्हणून असेल.

आमच्या पिढीत देव घरातल्या विजेच्या मीटरसारखा होता. होताच. त्याच्याकडे कोणी मुद्दाम बघत नसे, पण तो काढून टाकावा असंही कोणाच्या मनात येत नसे. ह्या पोरांचं तसं नाही. माझी केतकी सातवीत असताना 'देव ही कल्पना आहे' असं सांगून आरतीला उठेनाशी झाली होती. ती आता हैदराबादहून फोन करून विचारते, "आई, अथर्वशीर्षात 'त्वं गुणत्रयातीतः'च्या पुढे काय गं?" ट्रॅफिकमध्ये अडकली की ते म्हणत बसते. तन्मयच्या मित्रमंडळींत एक मुलगी होती, दंडभर गोंदवलेली. तिच्या मोबाइलवर नामजप मोजायची सोय होती. एक मुलगा दर मंगळवारी टेकडीवरच्या देवळात अनवाणी जायचा आणि पायांचा फोटो सगळ्यांना पाठवायचा.

मी तन्मयला सरळ विचारलं, "हे खरं असतं, की नुसती पोज?"

"आधी पोजच असते, काकू," तो म्हणाला. "मग एखाद्या दिवशी खरं होतं. जिमसारखं आहे ते."

"आणि तुझं? तुझा विश्वास आहे देवावर?"

त्याने वाटीतल्या मारुतीला जरा सरळ केलं. "माहीत नाही. पण टाकवत नाही."

मी कणीक मळत होते. पाणी जरा जास्त पडलं.

असं सगळं चाललं होतं, आणि मग आमची लिफ्ट बंद पडली. त्याच आठवड्यात परांजपे आजींचा गुडघा धरला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. खंडित मूर्ती घरात ठेवू नयेत असं शास्त्र आहे, आणि इथे तर एका घरात खंडित मूर्तींचं संमेलन भरलंय, त्याशिवाय का हे होतंय, असा एकूण सूर होता. मी सांगून पाहिलं की लिफ्ट देव यायच्या आधीपासून बंद पडते आहे, आजींचा गुडघा त्याहून जुना आहे आणि लग्न का मोडलं ते मुलीला विचारा. पण बंद लिफ्ट, गुडघा आणि लग्न ह्या तिन्हींचा जाब एका रांगत्या बाळकृष्णाला विचारायचा, हे लोकांचं ठरूनच आलेलं होतं. आजीसुद्धा म्हणाल्या, "मुलगा गोड आहे. पण शास्त्रात बसत नाही, ते नाही."

आमचे अध्यक्ष बाळूअण्णा. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची. इथे ज्वारी होती तेव्हापासून त्यांचा शब्द चालतो, आता पार्किंगमध्ये चालतो, एवढाच फरक. ते मांडीवर हात आपटून म्हणाले, "ह्ये बघा मॅडम, सोसायटी हाय का पिंपळाचा पार हाय? येक तर समदे द्येव नदीत सोड म्हनावं, न्हायतर खोली सोड म्हनावं. उद्या तुमी आन मी जाऊन सांगू."

विश्रांतवाडीला राहणाऱ्या घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, "मला भानगड नको, मॅडम. तुम्ही म्हणाल तर महिनाअखेर फ्लॅट मोकळा." पुण्यात एकट्या मुलाला भाड्याने घर मिळवताना नाकी नऊ येतात. देवांसकट एकट्या मुलाला कोण देणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. अण्णा तावात होते. पण दारातून आत रॅक दिसलं, दिवा दिसला, आणि त्यांचे पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. चिडलेला माणूस चपला काढून आत गेला की निम्मा राग बाहेरच राहतो. उरलेला निम्मा घेऊन अण्णा रॅकसमोर उभे राहिले.

मी तन्मयला मीटिंगमध्ये काय ठरलं ते सांगितलं. थोडक्यात, दोन वाक्यांत. अशा गोष्टी लांबवल्या की जास्त टोचतात. तो काही वादात पडला नाही. एवढंच म्हणाला, "नदीत नाही सोडणार, काकू. एकदा कोणीतरी सोडलंच आहे ना त्यांना. मी दुसरीकडे घर बघतो." आणि मग त्याने हातातला कापसाचा बोळा उगाच चुरगाळला.

"द्येव ठिवतोस, ठावं तरी हायत का कोन कोन ते?" अण्णा गुरकावले. "ह्ये कोन?"

"बाळकृष्ण. लोण्याचा हात झिजलाय."

"आन ह्ये?"

"विठोबा. कटेवरचा एकच हात राहिलाय."

"आन ह्ये?"

"अन्नपूर्णा. मांडीवर पळी होती, तिचं खोडकं आहे."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हीच अन्नपूर्णा चारच दिवसांपूर्वी पुन्हा वाटीत घालून हा माझ्या दारात आला होता. 'काकू, हे कोण असतील?' त्याच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने माझी नजर टाळली.

अण्णांचं बोट पुढे सरकलं. खालच्या फळीवर, दाराच्या बाजूला, एक टाक उभा केलेला होता. टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर ठसा उमटवलेला कुळाचा देव. हा पितळी होता.

"हे खंडोबा असावेत," तन्मय म्हणाला. "घोड्याचे पाय तेवढे दिसतात. हे एकाच बाजूने जास्त झिजलेत, ते का ते मला कळलं नाही. आणि कडेला हे भोक आहे, ते पण नाही कळलं."

अण्णांनी टाक उचलला. उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग तिथेच फरशीवर बसले. एवढा धिप्पाड माणूस, बसताना खुर्ची आहे का तेही पाहिलं नाही.

"भोक म्या पाडलंय," ते म्हणाले. "खिळा ठोकून. गळ्यात घालायचा हुता मला. लई मार खाल्ला हुता आयचा."

त्यांनी टाकाच्या झिजलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"आन आय डावखुरी हुती. समद्यांचे टाक ह्या अंगानं झिजत्यात, आमचा त्या अंगानं. आजी वरडायची तिला, डाव्या हातानं द्येवाला शिवती म्हनून. ती म्हनायची, भाकरी बी त्याच हातानं थापते, ती कशी ग्वाड लागती?"

अण्णांची आई जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मी अंत्यदर्शनाला गेले होते. नंतर त्यांनी सोसायटीला लागूनच बंगला बांधला, संगमरवरी देवघर केलं आणि चांदीचे नवे टाक घडवून घेतले. जुने पाण्यात सोडायची रीत असते.

"थोरल्याला आळंदीला धाडलं हुतं," अण्णा म्हणाले. "म्हनलं, इंद्रायनीत सोडून ये. गाडी घिऊन गेला, सांजच्याला आला. म्हनला, सोडला."

"पिंपळापर्यंतच गेला असेल," मी म्हटलं. "आळंदी रोडला ट्रॅफिक फार असतं."

तन्मयने माझ्याकडे दटावल्यासारखं पाहिलं. मग अण्णांच्या समोर उकिडवा बसला. "अण्णा, घेऊन जा ना. रिस्पेक्टफुली. तुमचेच आहेत." एवढं म्हणाला खरा, पण बोलताना त्याने रॅकवरच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. ती जागा दाराच्या अगदी जवळची होती. बाहेर जाताना शेवटी दिसणारा आणि आल्यावर आधी दिसणारा देव तो होता.

अण्णांनी बराच वेळ टाक तळहातावर ठेवला. मग मान हलवली. "घरला न्येला तर थोरल्याला इचारावं लागंल. इचारलं की घरात म्हाभारत. सूनबाई निराळी, बायको निराळी. आन येका घरात खंडोबाचे दोन टाक ठिवत न्हाईत." त्यांनी तो जागेवर ठेवला, डोळे मिटून हात जोडले. उठताना गुडघ्यावर हात देऊन म्हणाले, "आंगुळ रोज घालतोस?"

"रोज."

"कशानं?"

"चिंचेनं. काकूंनी शिकवलंय."

"हळद लावत जा. हळदच लागायची," अण्णा म्हणाले. कोणाला, आईला की देवाला, हे मी विचारलं नाही. "म्या येत जाईन मधनं मधनं."

पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी खंडित मूर्तींचा विषय काढला. अण्णांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, "तुमची आय हाय का घरी? दात किती हायेत तिला? न्हाईत ना? मग ती खंडित झाली. ठिवनार का न्हेऊन पिंपळाखाली?" विषय तिथेच संपला. लिफ्टच्या माणसाला बोलवायचं ठरलं. घरमालकाला मी फोन करून सांगितलं की भानगड मिटली. परांजपे आजी म्हणाल्या, "शास्त्रात अपवाद असतोच. शोधावा लागतो."

मला मात्र एक हिशेब पुरा करायचा होता. त्या दिवशी अण्णा गेल्यावर मी तन्मयला सोडलं नव्हतं.

"अन्नपूर्णा आहे हे तुला आजींनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. बरोबर?"

"हो."

"मग माझ्याकडे परत परत का आणत होतास? विठोबाही दोनदा आणलास. मारुती तर शेंदरासकट आणला होतास, तो तर लहान पोरालाही कळतो."

तो रॅकवरची समई सरळ करत राहिला. ती आधीच सरळ होती. मग म्हणाला, "काकू, मी राहायला आलो ना, तेव्हा अख्खा उन्हाळा या मजल्यावर कोणाशी बोललो नव्हतो. कंपनीत फक्त मेसेज. एकदा तुमची बेल वाजवली होती, तर तुम्ही साखळी न काढता म्हणालात, पार्सल खाली ठेवा."

"म्हटलं असेन."

"बरोबरच होतं. पण मग मला ही अन्नपूर्णा मिळाली आणि मी खरंच विचारायला आलो. खरंच माहीत नव्हतं तेव्हा." तो थांबला. "ह्यांना घेऊन बेल वाजवली की लोक दार पूर्ण उघडतात, काकू."

"म्हणजे हे सगळं बेल वाजवण्यासाठी?"

"नाही. टाकवत नाहीत, ते पण खरंच आहे. दोन्ही खरं आहे."

सुई टोचल्यावर कापूस दाबून ठेवायचा असतो, एवढं मला येतं. मी म्हटलं, "बरं. पण आता हे नाटक बंद कर. सगळ्यांना सगळे देव ओळखू आलेत."

आणि त्याने बंद केलं. मुलगा शब्दाचा पक्का निघाला. एक आठवडा बेल वाजली नाही, दुसराही गेला. अण्णा रविवारी समोरच्या दारात चपला काढताना दिसायचे, हळदीची पुडी खिशात. पण इतर दिवशी त्या दाराला जाग नव्हती. सुट्टीच्या सकाळी मी चहा गाळताना दाराकडे कान देते आहे, हे माझ्या लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला. मी काही एकटी बाई नाही. मला नवरा आहे. तो पेपर वाचतो.

मग एका सकाळी बेल वाजली. तन्मय. हाफ पँट, दाढी, कानात गोळ्या. हातात वाटी.

मी आत वाकून पाहिलं. वाटी रिकामी होती. कापूससुद्धा नव्हता.

"आज कोणी नाही, काकू," तो म्हणाला. "आज काही प्रश्नही नाही." आणि ती वाटी कुठे ठेवावी ते न कळल्यासारखा उभा राहिला.

मी ती त्याच्या हातातून घेतली. फ्रिज उघडला आणि चमचाभर दही तिच्यात घातलं. "हे विरजण," मी म्हटलं. "दूध कोमट करायचं, बोट घालून बघायचं, चटका बसता कामा नये. रात्री लावायचं. सकाळी दही खाण्याआधी त्यातलं चमचाभर काढून ठेवायचं, म्हणजे पुढचं लागतं. काढून ठेवायला विसरलास की संपलं. मग परत मागायला यावं लागतं. आता आत ये, चहा होतोय."

तो आत आला.

मुलगा हुशार आहे. कोणता देव कुठल्या बाजूने झिजलाय ते त्याला डोळे मिटून सांगता येतं. पण चमचाभर विरजण बाजूला काढायचं, हे काही त्याच्या लक्षात राहत नाही. आठवडा झाला की वाटी घेऊन दारात हजर. मी त्याला कधी काही विचारलेलं नाही. फक्त हल्ली आमच्याकडे दही थोडं जास्तच लावते.